गाऱ्हाण्यातल्या मोकळ्या जागा

“गाणी बरी लावता गो ती. पण मधीच कित्याक बोलता?”

मासळी बाजारातली काकी हे शेजारच्या बाईला सांगत होती आणि सांगता सांगता विळीवर शेवटा माशाची खवलं काढत होती. तिच्या छत्रीच्या काडीला एक छोटा रेडिओ दोरीने बांधलेला होता, आणि त्यातून मी बोलत होते. आमच्या केंद्रावर सकाळचा कार्यक्रम दुपारी पुन्हा लागतो, त्यामुळे मी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते. त्या दिवशी मी रेडिओत होते, आणि काकीच्या समोर पिशवी धरून उभीही होते.

शेजारची म्हणाली, बोलू दे बिचारीला, पोटासाठी बोलत असेल. काकीचं म्हणणं, बोलायला हरकत नाही, पण ही तर तहसीलदाराच्या कचेरीत अर्ज वाचल्यासारखी बोलते. “आवशीवांगडा पण अशीच बोलता काय ती?” आवशीवांगडा, म्हणजे आईबरोबर.

माझ्या पुढच्या बाई हसल्या. मीही थोडी हसले, कारण न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

बाजारात मी सहसा बोटाने काम भागवते. हे, एवढे, आणि मान हलवून बास. त्या दिवशी काकीने नेमकं विचारलं, कापून देऊ की तसेच नेतेस? बोट दाखवून उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

“कापून द्या,” मी म्हणाले.

विळी थांबली. काकीने माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“पुना बोल बगया.”

मी पुन्हा बोलले नाही. पण चेहऱ्यावरून कळायचं ते कळलंच. मग त्या संपूर्ण रांगेत जे हसणं पसरलं ते मी इथे लिहीत नाही. काकी सर्वांत जास्त हसली, आणि हसत हसतच तिने माझ्या पिशवीत दोन मासे जास्तीचे टाकले. मग हात धुऊन, पदराला पुसून, एकदम हळू आवाजात म्हणाली की तिला रेडिओवाल्यांना भेटायचंच होतं. काम तिचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं.

रेडिओवर बोलणारी मुलगी लाजाळू कशी, असं लोक विचारतात. त्यांनी आमचा स्टुडिओ पाहिलेला नसतो. एक लहान खोली, भिंतींना फोम, जाड दार. आत गेलं की पंख्याचाही आवाज नाही, कारण पंखाच नाही. तिथे मी, माइक आणि घाम. बंद खोलीत एकटीने बोलायला धीर लागत नाही. धीर लागतो तो समोर चार माणसं असताना तोंड उघडायला, आणि तो माझ्याकडे कधीच नव्हता.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, सिस्टरांची. व्हरांड्यात कोणी मालवणीत बोललं की सिस्टर रागवायच्या नाहीत, नुसत्या थांबून बघायच्या. तेवढं पुरायचं. त्यामुळे मालवणी मला पूर्ण समजते, अगदी शिव्यांसकट, पण ती माझ्या कानात राहिली, तोंडात आली नाही. घरी मम्मा मालवणीत विचारते, मी इंग्रजीत उत्तर देते. रेडिओवर मी पुस्तकातलं मराठी बोलते. काकीला ते अर्ज वाचल्यासारखं वाटलं यात तिची काही चूक नव्हती.

मे महिन्यात आमच्या वाडीतल्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, लादीन असते. एकजण वायोलिन वाजवतो, एकजण प्रार्थनेची ओळ म्हणतो आणि बाकीचे सगळे एका आवाजात तिला उत्तर देतात. शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्या लादनीतही मी लहानपणापासून फक्त ओठ हलवत आले आहे. शेजारी उभी असलेली मम्मा इतक्या मोठ्याने गाते की आमच्या घरातून दोन आवाज निघाले असंच लोकांना वाटत असावं.

तरीही, किंवा त्यामुळेच असेल, आवाज ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मी खोलीत हळूच बोलते आणि तेच धामापूरच्या बाजूला कुणाच्या तरी न्हाणीघरात ऐकू जातं, याची मला अजून सवय झालेली नाही. कुणीतरी फोन करून एक जुनं भजन लावायला सांगतं, ते मी लावते, आणि मग दुसरं कुणी फोन करून सांगतं की शेजारच्या घरातून पेटीचा सूर आला म्हणून मीही रेडिओ लावला. एका गाण्यामागे अशी घरं उजळत जाताना मला दिसतात. दिसतात म्हणजे काय, मी तर फोमच्या भिंतीकडे बघत असते.

काकीचा नवरा तांडेल. म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, जाळं कुठे टाकायचं आणि कधी परत फिरायचं हे ठरवणारा. सगळी वाडी त्यांना तांडेलच म्हणते. मी काका म्हणते. नारळी पौर्णिमेला त्यांच्या वाडीत दर्याला नारळ देतात, त्याआधी गाऱ्हाणं घालतात, आणि मगच होड्या पाण्यात ढकलतात. गाऱ्हाणं कायम काकांचं. सगळ्यांच्या वतीने ते एकेक मागणी मोठ्याने मागणार, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एकदम ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ती उचलून धरणार. आदल्या वर्षी आमच्या केंद्रासाठी मी ते रेकॉर्ड केलं होतं. लोकांच्या मागे, एका होडीच्या आडोशाला उभी राहून, कुणाच्या नजरेला न पडता.

त्यानंतर काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि आवाजही गेला. आता ते बोलत तेव्हा नुसती हवा यायची.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. होड्या अजून झावळ्यांच्या झापांखाली झाकलेल्या होत्या. वाडीत दोन मतं होती, असं काकीने सांगितलं. एक, पलीकडच्या वाडीतून कुणाला तरी बोलवायचं. दुसरं मत त्यांच्या पुतण्याचं. तो लग्नकार्यांना साउंड लावतो. त्याचं म्हणणं, काकांचं गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं रेडिओवर लागलंच होतं, तेच आणायचं आणि भोंग्यावर लावायचं. आवाज काकांचाच, मग हरकत काय? या दोन्हींवर काका काहीच बोलले नव्हते. तसेही ते ऑपरेशनपासून घराबाहेर पडत नव्हते.

“ह्या वर्सा तेंनी गाऱ्हाणां घातल्यानी नाय,” काकी म्हणाली, “तर परत कधी तोंड उघडूचे नाय ते. माका ठावक आसा.”

तिने हे मासे कापतानाच्या आवाजात सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी मी रेकॉर्डिंग घेऊन त्यांच्याकडे गेले. घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काका खुर्चीवर बसले होते, गळ्याभोवती पातळ सुती रुमाल. उंच माणूस, पण आखडून बसलेला. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान हलवली. माझ्यासारखीच हलवली, बोलावं लागू नये म्हणून.

पुतण्याने स्पीकर तुळशीजवळ ठेवला. शेजारच्या दोघी आल्या. तुळशीपुढे उभं राहून सगळ्यांनी हात जोडले, आणि खळ्यात गेल्या वर्षीचे काका बोलायला लागले. काय आवाज होता तो. खालून वर चढत जाणारा, टेकाडावर पोचल्यासारखा क्षणभर थांबणारा.

पण तिथे तो थांबेना. पहिली मागणी संपली, काकीने आणि बायकांनी ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्पीकरमधले काका दुसऱ्या मागणीवर गेले होते. दुसऱ्या वेळी बायका सावध राहिल्या, तरी उशीर झालाच. तिसऱ्या वेळी त्या इतक्या घाईत म्हणाल्या की मागणी अर्धीच राहिली. सगळ्या जणी काकांच्या आवाजामागे धावत होत्या आणि काका काही थांबत नव्हते.

“जरा थांबा मरे,” काकी स्पीकरला म्हणाली. अगदी सवयीने, नवऱ्याला म्हणावं तसं. आणि खुर्चीवरचा तिचा नवरा हसला. आवाज न येता, खांदे हलवून.

काय झालं होतं ते मला तिथेच कळलं. रेडिओवर शांतता जरा लांबली की ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं, म्हणून आम्ही शांतता कापतो. कार्यक्रम थोडक्यात बसवायचा म्हणून तेच तेच आलेलंही कापतो. त्या गाऱ्हाण्यातल्या सगळ्या थांबण्याच्या जागा आणि एक सोडून सगळे ‘व्हय म्हाराजा’ मी कापले होते. रेडिओवर ते छान वाटलं होतं. कुणीतरी फोन करून कौतुकही केलं होतं.

काकांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकले.

“लोकांका जागाच ठेवलंस नाय गो,” ते म्हणाले. हवेतूनच म्हणाले. राग नव्हता, उलट गंमत वाटल्यासारखं होतं. मग थोडं थांबून त्यांनी आणखी सांगितलं, आणि ते मी अर्धं ओठांवरून वाचलं. होडी परत येताना त्यांच्याकडे रेडिओ चालू असायचा. “गाणी गोव्याच्या टेसनार पण लागतत. तुझां बोलणां लागलां काय समाजता, घर इलां.”

मी सरळ उभी राहिले. मी मधेच का बोलते या काकीच्या बाजारातल्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्याच खळ्यात मिळत होतं. पाण्यावर, काळोख सरताना, चारपाच माणसं माझ्या त्या अर्ज वाचल्यासारख्या बोलण्याची वाट बघत असतील, हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी इतके दिवस फोमच्या भिंतीशी बोलत होते, आणि पलीकडे एवढा दर्या होता.

माझ्या पिशवीत रेकॉर्डर, माइक आणि हेडफोन होते, नेहमीच असतात. का काढले ते सांगता येणार नाही. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं म्हणून असेल. मी हेडफोन लावले, माइक काकांच्या ओठांच्या अगदी जवळ धरला आणि काहीतरी म्हणा अशी खूण केली.

काका काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते विसरले, पण कसं ऐकू आलं ते नाही. हेडफोनमध्ये ते पूर्ण होते. प्रत्येक शब्द होता, शब्दाच्या कडा होत्या, जीभ दातांना लागल्याचं होतं. शब्दाआधी आत जाणारा श्वास होता आणि शब्द संपल्यावर उरलेला थोडासा श्वास परत बाहेर येत होता. आवाज तेवढा नव्हता. आवाज काढून घेतल्यावरही माणसाचं बोलणं इतकं शिल्लक राहतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. अंगावर काटा आला. लादनीत कधी कधी सगळे एकदम गप्प होतात आणि फक्त वायोलिनची तार उरते, तेव्हा येतो तसा.

मी हेडफोन काढून काकांच्या कानांना लावले. ते पुन्हा काहीतरी म्हणाले आणि एकदम थांबले. मग तेच पुन्हा म्हणाले. काकीने विचारलं, “काय ऐकूक येता?” त्यांनी तिला हाताने गप्प राहायला सांगितलं. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा स्वतःला ऐकत होते.

शेवटी काकांनी हेडफोन उतरवले, आधी माइककडे बोट दाखवलं आणि मग किनाऱ्याकडे.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी वारा होता. पुतण्याने भोंगा माडाला बांधला आणि माझ्या रेकॉर्डरची तार त्याच्या मशीनला जोडून दिली. वाऱ्यासाठी मी माइकला केसाळ टोपी घातली होती. ती बघून काकीने विचारलं, “ह्यां मांजर खंयसून हाडलंस?” बायका हसल्या, आणि मला बरं वाटलं. गेल्या वर्षी मी होडीच्या आड उभी होते. या वर्षी काकांच्या शेजारी, दर्याच्या आणि सगळ्या वाडीच्या मधोमध. माइक मलाच धरायला हवा होता. त्यांच्या हातात नारळ होता.

काका धुवट कपड्यांत आले होते, गळ्याला रुमाल नव्हता. त्यांना चालत येताना बघून पुरुष बाजूला सरले, कुणीतरी “तांडेलानू” म्हणून हाक मारली, काकांनी हात वर केला. पलीकडच्या वाडीतल्या माणसालाही बोलावून ठेवलेलं होतं, गरज पडली तर म्हणून. तो एका टोकाला संकोचून उभा होता. काकांनी त्याला पाहिलं. मीही पाहिलं.

पुतण्याने आवाज वाढवला तशी भोंग्यातून शिट्टी आली, कर्कश. त्याने कमी केला. पुन्हा वाढवला, पुन्हा शिट्टी. शेवटी जेवढ्यावर शिट्टी येत नव्हती तेवढ्यावर ठेवला, आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले.

काकांनी नारळ दोन्ही हातांत वर धरला.

“दर्या म्हाराजा,” ते म्हणाले, “आज तुझी लेकरां नारळ घेवन तुझ्या दारात उभी आसत. वर्सभर आमचां जां काय चुकलां-माकलां आसात, तां पोटात घाल.”

माझ्या कानांत हे इतकं स्पष्ट होतं की क्षणभर मला वाटलं सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. मग मी एक कान मोकळा केला. भोंग्यातून नुसता वाऱ्यासारखा सूं सूं आवाज येत होता, मध्ये कुठे एखादा शब्द. लोक तसेच उभे होते, हात जोडून, ऐकण्याचा प्रयत्न करत. इतकी वर्षं त्यांना काकांचा आवाजच सांगायचा, आता म्हणा. तो चढायचा, टेकाडावर जाऊन थांबायचा, आणि लोक तिथे त्याला भेटायचे. आज टेकाडच नव्हतं. मागणी कुठे संपली हे कुणाला कळलं नव्हतं.

मला कळलं होतं. शब्द संपल्यावर उरलेला श्वास बाहेर आलेला मी ऐकला होता. त्या किनाऱ्यावर ते ऐकणारी मी एकटी होते.

काका थांबले. उत्तर आल्याशिवाय पुढची मागणी मागत नाहीत. तशी मागता येत नाही. ते दर्याकडे बघत राहिले, नारळ वर धरलेला. कुणीतरी खोकलं. पलीकडच्या वाडीतल्या माणसाने एक पाऊल पुढे टाकल्यासारखं केलं आणि पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. काकीने डोळे घट्ट मिटले होते. हेडफोनमध्ये काकांचा श्वास आता आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. तो वाट बघत होता.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते मी कापलेलं नाही, कापणारही नाही. त्यात या ठिकाणी फार मोठी शांतता आहे. लाटा आहेत, वारा आहे, एक कावळा आहे. सगळ्या किनाऱ्याचा आवाज नंतर येतो, एकदम, पुढच्या प्रत्येक मागणीला येतो, आणि काका शेवटपर्यंत मागत राहतात. पण त्याच्या आधी, त्या शांततेच्या टोकाला, एकच आवाज आहे. बाईचा आहे, माइकच्या फार जवळ, थोडा घाबरलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही ओळखला नाही.

“व्हय म्हाराजा.”